बेवारस चाल

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. अमडापूरच्या देवळात भजनाची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला वीणा मिळायची. सिनेमाची चाल लावायची नाही, एवढाच नियम. त्या वीणेवर उकंडरावांचा डोळा होता. पण त्यांच्या आधी बसलेल्या रंगरावांनी अभंग उचलला, तो नेमका उकंडरावांनी ठरवलेल्या चालीत.

उकंडराव ताडकन उठले. "थांब बे! चाल माही हाय. चोरली यानं!"

"चोरू काऊन? म्या सोता बांधली," रंगराव म्हणाले.

परीक्षक होते कीर्तनकार इंद्रभानबुवा. ते काही बोलणार, तेवढ्यात ढोलकीवाला युसूफ हसला. "भांडता कायले भाऊ? जत्रेतल्या तंबूत ह्या चालीचा सिनेमा आपण तिघांनी संगंच पाह्यला ना!"

देवळात हशा पिकला. उकंडराव खाली बसत पुटपुटले, "माही नाही बुवा. त्याचीच हाय."

"मले नको," रंगराव म्हणाले, "तूच ठेव."

बुवांनी वीणा कोणालाच दिली नाही, स्वतःच्या गळ्यात अडकवली. "चाल तं बेवारस निघाली. इठ्ठलाच्या नावावर करून टाकू," म्हणत त्यांनी त्याच चालीत अभंग धरला.

पहिला टाळ उकंडरावांचा वाजला.