पत्र्याचा गाल

युद्ध संपून कॉलेज उघडलं, तेव्हा शिल्पकला विभागात आम्ही चौघंच उरलो होतो. सरांनी पुतळ्यांची कामं बाजूला सारली. "आता जिवंत माणसांचे चेहरे करा, युद्धात ज्यांचे गेले त्यांच्यासाठी," म्हणाले.

माझ्या वाट्याला आमचाच वर्गमित्र आला. त्याला आम्ही बडबड्या म्हणायचो. स्फोटात त्याचा डावा गाल आणि अर्धा जबडा गेला होता.

जुन्या फोटोवरून मी मातीत गाल घडवला, पातळ पत्रा ठोकून ठोकून त्या आकाराला आणला आणि तीन दिवस रंग जुळवत बसले.

"फार देखणा करू नकोस, आई ओळखायची नाही," तो अडखळत म्हणाला.

शनिवारी मी तो गाल त्याच्या चेहऱ्यावर बसवला, तेव्हा त्याची आई विभागात आली. तो घरी परतल्यापासून तिनं लेकाकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं. आता मात्र ती "माझा सोन्या गं" म्हणत त्या पत्र्याच्या गालावरून हात फिरवत राहिली. उजव्या गालाकडे तिचा हात गेलाच नाही.

तिला बाहेर बसवून तो परत आला.

"छान झालाय," म्हणाला. "फक्त तिचा हात मला लागला नाही गं."

मी खाली मान घालून ब्रश धूत राहिले.