पिण्याचं पाणी

खालच्या कप्प्यात सतरा कुप्या होत्या. दोन तडकलेल्या, एकीवरची तारीख पुसलेली, बाकीच्यांवर सरांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तिने बोटाने बर्फ खरवडून पुन्हा मोजल्या आणि नष्ट करायच्या यादीत आकडा लिहिला. सोमवारपर्यंत फ्रीझर दुसऱ्या विभागाला द्यायचा होता.

कुप्यांमध्ये जुलाबाचा जिवाणू होता. अकरा वर्षं खपून सरांनी तो दुबळा केला होता. माणसाने तो प्यावा, आतड्याने त्याला शत्रू म्हणून ओळखून प्रतिपिंडं तयार करावीत, पण माणूस आजारी पडू नये, एवढंच त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी वीस जणांना तो पाजला. एकाच्याही रक्तात प्रतिपिंडं वाढली नाहीत. ‘जिवाणू आतड्यात तग धरत नाही,’ असा अहवाल तिनेच लिहिला. सरांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. प्रकल्प बंद झाला. सर मुदतीआधीच निवृत्त झाले.

“संपला एकदाचा पसारा,” काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रे पुढे करत म्हणाल्या. तिला डॉक्टरेट मिळाल्यापासून त्या तिला ‘मॅडम’ म्हणत, अर्थात चिडवायलाच. “पाजायच्या दिवशी काय धावपळ होती, मॅडम! डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र नेमकं तेव्हाच रुसलं.”

“मग पाणी कुठून आणलं आपण?”

“आपण? मी आणलं! नळाचं, दोन जग भरून. तुम्हीच ओरडलात की, माणसांनीच प्यायचंय ना, मग नळाला काय धाड भरलीय?”

तिचा हात ट्रेवरच राहिला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. जिवाणू मारायलाच असतं. त्या सकाळी त्याच पाण्यात, जठरातलं आम्ल शमवायला, सोडा घालून लस कालवली होती, आणि फॉर्म भरून घेता घेता पहिला पेला ओतेपर्यंत दीड तास गेला होता.

“काय झालं हो?”

“काही नाही. एक कुपी बाहेर ठेवा, मावशी.”

व्हरांड्यात जाऊन तिने फोन लावला.

“अगं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?” सर म्हणाले.

“सर, फ्रीझर रिकामा करतोय. तुमच्या कुप्या...”

“फेका की. उगाच जागा अडवून बसल्यात.” मग म्हणाले, “मी अजून जुन्या वह्या काढून बसतो. कुठेतरी माझाच हात चुकलाय, पण कुठे ते सापडत नाही बघ. बायको म्हणते, वेड लागलंय.”

तिने भिंतीवरचा रंगाचा पोपडा नखाने उचकटला. तो पडला, तेव्हा शेजारचा.

“सर, उद्या याच वेळी फोन करते.”

तोच सोडा, तेवढंच प्रमाण, दोन पेले. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात नळाचं; दोन्हींत बाहेर ठेवलेल्या कुपीतला जिवाणू सारखाच कालवला. दीड तासाने तिने दोन्हींतला एकेक थेंब वेगवेगळ्या काचेच्या तबकडीत पसरला आणि तबकड्या रात्रभर उबेत ठेवल्या.

सकाळी ती तबकड्यांत जिवंत जिवाणूंच्या ठिपक्यांएवढ्या वसाहती मोजत असताना मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. आदल्या दिवशीच तिने त्यांना सगळं सांगितलं होतं.

“आता सांगून गेलेली वर्षं येणारेत का?” त्या हळूच म्हणाल्या. “उलट तुमचीच नोकरी जाईल. सांगायचंच तर माझं नाव सांगा. पाणी मी भरलं होतं.”

तिने नकारार्थी मान हलवली आणि फोन उचलला.

“सर, वही जवळ आहे?”

“आहे. का गं?”

“त्या दिवशी लस नळाच्या पाण्यात कालवली होती. मी सांगितलं म्हणून. तुम्ही तेव्हा खोलीत नव्हतात. अहवालातही मी ते लिहिलं नाही, लक्षातच आलं नाही.”

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

“आकडे सांग,” सर म्हणाले.

“दीड तासानंतर डिस्टिल्ड पाण्यातल्या थेंबातून दोनशे अकरा वसाहती. नळाच्या पाण्यातून शून्य.”