अठ्ठावीस बाटल्या

आमच्या आप्पांना कधीही विचारा, तब्येत कशी आहे? ‘एकदम फर्स्ट क्लास!’ गुडघे कुरकुरतात, डावा कान ठार बंद, चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठड्याला धरून ‘जरा हवा बघतो’ म्हणून उभे राहतात. तरी फर्स्ट क्लास. सव्वीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. तिथे आजारी पडणं म्हणजे जवळजवळ चोरीच. मेडिकल कॅटेगरी घसरली की प्रमोशन गेलं. ही सवय अंगात इतकी मुरलीय की घरात साधी शिंक आली तरी आप्पा आधी इकडेतिकडे बघून घेतात.

आणि नेमक्या असल्याच माणसांच्या तब्येतीवर संशोधन करायला डॉक्टर नंदकिशोर वाशीत आले. शहाण्णव साल. फॉर्म भरायला आणि टायपिंगला त्यांनी मला ठेवलं. मी तेजश्री, बी.एस्सी., सेकंड क्लास, आणि आप्पांची एकुलती एक मुलगी. हे शेवटचं क्वालिफिकेशन डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

प्रोजेक्ट होता माजी सैनिकांच्या आरोग्याचा. आमच्या आसपासच्या बिल्डिंगांमधले अठ्ठावीस जण त्यात घेतले होते, बहुतेक सगळे साताऱ्याकडचे. कोणी तळवलीच्या कंपनीच्या गेटवर, कोणी शिरवण्याला, दोघंतिघं मार्केटच्या नाक्यावर, सगळे सिक्युरिटीत. तपासणीत ज्याला काही निघेल त्याचे पुढचे सगळे उपचार मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, प्रोजेक्टमधून. मला वाटलं, चला, आप्पांचा कान तरी दाखवून होईल.

कसला कान नि कसलं काय! कुणीतरी पुडी सोडली की रिपोर्टची एक कॉपी सिक्युरिटी एजन्सीला जाणार आणि अनफिट निघेल त्याला गेटवरून काढणार. झालं. त्याच संध्याकाळी समाजमंदिरात आप्पांनी सगळ्यांना फॉल-इन केलं. रिटायर होऊन वर्षं झाली तरी सगळे त्यांना ‘साब’च म्हणतात आणि साबचा शब्द मोडत नाहीत. साबनी सांगितलं, कोणीही आजारी नाही.

डोळे तपासायचा तक्ता माझ्या पिशवीतून दुपारभर गायब होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसही जणांनी शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. फौजेत भटारखान्यात होते ते पोपटकाका तर डॉक्टरांनी तक्ता खिळ्याला अडकवायच्या आधीच म्हणून मोकळे झाले. डॉक्टर मला म्हणाले, “बघ, काय तीक्ष्ण नजर आहे!”

फॉर्म बावीस पानांचा. चौसष्टावा प्रश्न: गेल्या महिन्यात तुम्हाला आयुष्य निरर्थक वाटलं का? पोपटकाका म्हणाले, “गेल्या महिन्यात नाय, तेव्हा डबल ड्युटी होती.” आणि माझे सख्खे वडील माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “मला सगळं व्यवस्थित ऐकू येतं, मॅडम.” मॅडम! मी मुद्दाम डाव्या बाजूला सरकून हळूच विचारलं, “चहा घेणार?” ते म्हणाले, “एक भाऊ, दोन बहिणी.”

मग लघवीच्या बाटल्यांचा दिवस आला. मी नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवून बाटल्या वाटल्या, दुसऱ्या दिवशी भरून आल्या, लॅबला गेल्या. चार दिवसांनी डॉक्टर ऑफिसात आले ते जवळजवळ नाचतच. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांच्या लघवीतून प्रोटीन जात होतं. म्हणजे सगळ्यांच्या किडन्या बिघडलेल्या, आणि तेही अगदी सारख्या.

लॅबवाला बिचारा फोनवर म्हणाला, “सर, सगळ्या एकाच माणसाच्या वाटतात.”

डॉक्टर म्हणाले, “अहो, तीच तर फौजेची शिस्त! पार किडनीपर्यंत पोचलीय!”

आठवड्याभरात त्यांनी कारणही शोधून काढलं. वर्षानुवर्षं सावधानमध्ये उभं राहिल्यामुळे किडनीवर ताण येतो. मी म्हटलं, सर, पोपटकाका तर स्वयंपाकी होते, ते कशाला सावधान उभे राहतील? डॉक्टर थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मोठा साहेब जेवण चाखायला आला की राहत असतील.” हेही मी टाइप केलं. उपाय ठरला अळणी जेवण, सगळ्यांना, तीन महिने. मग पुन्हा बाटल्या.

घरी जेवताना मी आप्पांना रिझल्ट सांगितला. त्यांचा घास हातातच राहिला.

“असं कसं होईल? तो तर रोज दोन लिटर दूध पितो.”

“तो म्हणजे कोण?”

आईनं आमटीचं भांडं दाणकन खाली ठेवलं. मग एकेक बाहेर आलं. कुणाला साखर निघेल, कुणाला आणखी काही, म्हणून सगळ्यात धडधाकट माणूस निवडला होता, शहाजीकाका. त्यांना दोन दिवस तांबेच्या तांबे पाणी पाजून अठ्ठावीस बाटल्या बोटबोटभर भरल्या होत्या.

म्हणजे आजारी एकच माणूस होता, आणि तो शहाजीकाका होता.

शहाजीकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. हवालदार, फौजेच्या टीममधले पैलवान. अख्ख्या बिल्डिंगचे गॅसचे सिलिंडर ते एका खांद्यावर टाकून वर चढवायचे. मला सायकल त्यांनी शिकवली. शिकवली म्हणजे मी पडायच्या आत सायकलसकट उचलून धरायचे. मी तशीच खाली धावले. काशीकाकूंनी दार उघडलं, आणि काही विचारायच्या आत त्या स्वतःच कौतुकानं सांगायला लागल्या, “बग की, ह्यांचं अंग कसं भरलंय! तोंड निस्तं टोपीत मावंना. परवा चप्पल नवी घेतली, जुनीत पाय जाईनात.”

ती सूज होती. मी तशीच आत शिरले.

काका आत ठेचा-भाकरी खात बसले होते. मी ओरडलेच, “काका, अळणी सांगितलंय ना!”

“आळणी खायला मी काय आजारी हाय? बाटल्या विसळल्या नव्हत्या तुझ्या डॉक्टरानं.”

“काका, तुम्ही डॉक्टरकडे चला. माझ्यासाठी तरी.”

ते हसले, मग हसणं थांबलं. म्हणाले, “पोरी, गेटवरनं काढलं तर मी दिवसभर घरात बसून करू काय? भिंत बघू?” आणि ताट बाजूला सारून, “साबनी सांगितलं तर जाईन. साब म्हणतात, कुणीच आजारी न्हाई.”

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, शहाजी ठणठणीत आहे, बाटल्याच घाण असतील. मग मी डॉक्टर नंदकिशोरांना जाऊन सगळं सांगून टाकलं, तक्त्यापासून बाटल्यांपर्यंत. आप्पांचं नावसुद्धा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तेजश्री, पहिल्या तपासणीचा पेपर छापायला दिल्लीला गेला.”

“सर, पण एक माणूस खरंच आजारी आहे. त्याला तरी पाठवा.”

“एक माणूस म्हणजे नुसता किस्सा. अठ्ठावीस म्हणजे संशोधन.” ते अगदी प्रेमानं बोलत होते, त्यामुळे तर माझं टाळकंच सरकलं. “आणि दुसरी तपासणी आहेच की. असेल काही तर निघेल तेव्हा.”

तीन महिने सत्तावीस घरांत जेवणात मीठ पडलं नाही. साबनी पथ्य उपासासारखं पाळायला लावलं, नाहीतर डॉक्टरला संशय येईल म्हणे. मी सगळं सांगून टाकलंय हे त्यांना कुठे माहीत! आमच्या आईनं आप्पांना रोज टोमणे मारले: दुसऱ्याच्या लघवीपायी मी अळणी खाणारी जगातली पहिली बायको. अठ्ठाविसाव्या घरात मात्र ठेचा चालू होता. सिलिंडर आता काका एका दमात नेत नव्हते, दुसऱ्या मजल्यावर टेकवायचे. लोक म्हणायचे, वजन वाढलंय ना, सुखाचं आहे.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मला कळलं की ह्या वेळी बाटल्या पोपटकाका भरणार. सगळ्यांच्या. शहाजीकाकांचीसुद्धा.

“आप्पा, अहो, काका कागदावर बरे होतील!”

“मी शब्द दिलाय सगळ्यांना. कुणाचं नाव फुटणार नाही.”

“मग वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतच येईल त्यांचं नाव, फोटोसकट. तेव्हा शब्द पाळला म्हणून हार घाला त्याला!”

मी असं आप्पांशी कधीच बोलले नव्हते. मला रडू फुटलं, आणि रडतानाही राग जाईना. आप्पा उठले आणि उगाच बूट पॉलिश करत बसले.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या पटांगणात अठ्ठावीस जण रांगेत उभे. पोपटकाका एका पायावरून दुसऱ्या पायावर, कारण उजाडल्यापासून पाणी पीत होते. आप्पा रांगेवरून चालत शहाजीकाकांपाशी आले आणि थांबले. खाली वाकले. काकांची पँट गुडघ्यापर्यंत सरकवून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खळगा पडला. आम्ही सगळे बघत होतो. तो खळगा काही भरून येईना.

आप्पा बराच वेळ तसेच वाकून राहिले. गुडघ्यावर हात रोवून उठताना ‘आई गं’ म्हणाले, सगळ्यांसमोर.

“आज ज्याची त्याची बाटली,” ते म्हणाले. “शहाजी, तू पण.”

“साब, आणि मी सकाळपासून…” पोपटकाका.

“तू आधी पळ.”

कागद आले तेव्हा खरं चित्र दिसलं. अकरा जणांना साखर, त्यात आप्पांचा पहिला नंबर. आणि प्रोटीन फक्त एकाला, पहिल्यापेक्षा दुप्पट. मला वाटलं, आता तरी ह्या माणसाचे डोळे उघडतील. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

“सत्तावीस बरे झाले! नुसत्या अळणी जेवणानं!”

“आणि शहाजीकाका, सर?”

त्यांनी आलेख काढला होता. सत्तावीस ठिपके खाली जमिनीला, एक वर आढ्याला. त्या एकाकडे ते कागदावर माशी बसल्यासारखं बघत होते. “हा सगळं बिघडवतोय,” म्हणाले, आणि मला मजकूर सांगितला: ‘एक सदस्य दुसऱ्या तपासणीस गैरहजर राहिल्याने अभ्यासातून वगळला.’ मी टाइप केलं. खोटं कशाला सांगू, केलं. नोकरी लागून सहाच महिने झाले होते. टाइप झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की अभ्यासातून वगळला म्हणजे हॉस्पिटलातूनही वगळला. मी तसं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, नियम नियम आहे. मी मशीनवर कव्हर घातलं आणि निघून आले ती परत गेले नाही.

काकांना आप्पांनीच नेलं, मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात, साध्या रांगेत उभं राहून. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई कडाडल्या, “तीन महिन्यांपूर्वी काय झोपला होतात? बऱ्यापैकी वाचली असती किडनी.” आप्पांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं. किडन्या निम्म्याच्या वर गेल्या होत्या. गेट तर गेलंच. एजन्सीला रिपोर्टबिपोर्ट काही गेला नव्हता. काका उभेच राहू शकत नव्हते.

वॉर्डात आप्पांनी ड्युटी लिस्ट लावली, रोज दोघं जण. पोपटकाका अळणी डबा करून आणायचे, आणि काशीकाकू तो चाखून फौज ह्याच्यावर कशी लढली म्हणून विचारायच्या.

दुसऱ्या तपासणीचा पेपर छापून आल्यावर मी एक अंक मिळवला आणि वॉर्डात गेले. मला कबूल करायचं होतं, दुसरं काही नाही. काका उशीला टेकून पडले होते, आप्पा ड्युटीवर, पायथ्याशी उभे. म्हणाले, “वाच की. माझं काय लिवलंय?”

मी इंग्रजीतून मराठी करत वाचलं. गैरहजर. आणि हे मीच टाइप केलं, तेही सांगितलं.

सुया टोचताना हसणारा हा माणूस, तो ताडकन उठून बसला. सलाइनची नळी ताणली गेली. “गैरहजर? मी? चोवीस वर्षांत एक रोलकॉल चुकला न्हाई माझा! बाप गेला तवाबी सुट्टी मंजूर करून गेलो!” मग आप्पांकडे वळून, अगदी लहान आवाजात, “साब, तुमी हुता की तिथं. मी हजर हुतो ना?”

“होतास,” आप्पा म्हणाले. “मीच नव्हतो.”

माझ्या पिशवीत एक कोरा फॉर्म उरला होता, बावीस पानी. मी तो काढला, मांडीवर ठेवला आणि पहिल्या पानावर लिहिलं, हजर. काकांना दाखवलं. मग पुढचा प्रश्न विचारला, “तब्येत कशी आहे?”

“एकदम फर्स्ट…” काका सवयीनं म्हणाले आणि थांबले. आप्पांकडे बघितलं. आप्पांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

“पाय सुजत्यात,” काका म्हणाले. “भूक न्हाई. आन् भ्या वाटतंय, पोरी.”

मी जसंच्या तसं लिहिलं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं. आप्पांनी पलंगाखालचं स्टूल ओढून घेतलं आणि उजवा कान माझ्याकडे करून बसले.

“ह्याचं झालं की माझं लिही,” ते म्हणाले.