शीतलनाथांचा गार झोत

तामलवाडीच्या अलीकडं सोलापूर रस्त्याला एक पत्र्याचं शेड होतं आणि भर मे महिन्यात तिथं चारचाकींची रांग लागायची. आत शीतलनाथ महाराज बसत. एसी मध्येच बंद पडतो, मिस्त्रीकडं नेला की शहाण्यासारखा गार हवा सोडतो, अशा छळवादी गाड्या महाराज बऱ्या करत. मिस्त्रीला नट दिसतो, मला बाधा दिसते, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी रांगेत ढोकीच्या बब्रुवानरावांची गाडी होती. सोबत बायको कडूबाई, साखर कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा रणधीर आणि चार महिन्यांपूर्वी घरात आलेली सून वैष्णवी. दुखणं असं, की रणधीर एकटा कारखान्यावर जायचा तेव्हा एसी झकास चाले. पण सुनेला घेऊन सगळे सोलापूरला निघाले, की तुळजापूर मागं पडताच वारा मंदावायचा आणि बंदच व्हायचा. पंखा नुसता घोंघावत राही. असं तीनदा झालं होतं.

चेल्यानं इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट उघडलं आणि सगळ्यांना उन्हात उभं केलं. महाराजांनी लिंबू फिरवलं, अंगारा फुंकला. ‘ओम ह्रीं कंप्रेसर-बंधनं छिंदि छिंदि’ असा मंत्र अर्धा तास चालला. मग गाडीखालून पाणी ठिबकू लागलं. महाराज म्हणाले, बाधा पाझरतीय. लोकांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. एका आजोबांनी गुडघ्यांना चोळून घेतलं. गाडी चालू केली आणि गार झोत आला. सगळ्यांचे हात जोडले गेले, कडूबाईंचेसुद्धा.

महाराजांनी वैष्णवीकडं बोट केलं. "ही बसली की वारा बंद. पायगुणच तसा हाय. हिला माहेरी धाडा, न्हायतर गाडीतलं घरात शिरंल."

बब्रुवानरावांनी तिथूनच भूमला व्याह्यांना, बजरंगरावांना, फोन लावला आणि रविवारी लेकीला न्यायला बोलावलं. वैष्णवी बी.एस्सी. झालेली. आत बर्फ धरत असेल, फिल्टर बघा, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण नव्या सुनेचं शास्त्र सासरी कोण ऐकतं? परत येताना ती खिडकीकडं तोंड करून रडत होती. कडूबाईंना वाईट वाटलं, पण तुळजापूर आलं तरी वारा गार येत होता!

दोन दिवसांनी कडूबाईंचा जुना फ्रिज नेहमीसारखा रुसला. वरच्या खणात बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासलेलं. त्यांनी बटण बंद केलं, खाली परात लावली. थोड्या वेळानं पाणी टपटपू लागलं. वर्षानुवर्षं त्या हेच करत आल्या होत्या, तेही बिनमंत्राचं. परातीत बोट बुडवून त्या जरा वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली.

"तू ते बर्फाचं काय म्हणत व्हतीस? परत सांग."

"आत्या, गाडीच्या एसीत पण गार नळ्यांची जाळी असते. तिच्यावरून पुरेसा वारा गेला नाही, की दमट हवेचं पाणी तिथंच गोठतं. तासाभरात बर्फानं वाट बंद होते. गाडी बंद ठेवली, की वितळून ठिबकतं आणि वाट मोकळी."

कारखाना घरापासून दहा मिनिटांवर. तेवढ्यात बर्फ धरायला फुरसत कुठली? आणि सून बसायची ती फक्त लांबच्या वाटेला. एवढं साधं गणित होतं. आपण त्या भोंदूला हात जोडले, याची कडूबाईंना मनापासून लाज वाटली.

शनिवारी त्यांनी पुन्हा दर्शनाचा हट्ट धरला. सुनेला मुद्दाम घरी ठेवलं. जाताना रणधीरनं फिल्टर कुठं असतो ते तिला विचारून घेतलं. तुळजापूर मागं पडलं आणि वारा गेला.

"आता कुणाचा पायगुण वो?" कडूबाईंनी नवऱ्याला विचारलं. "माझा, का तुमचा?"

बब्रुवानराव घाम पुसत बसले. शेडमध्ये पोचल्यावर कडूबाईंनी इंजिन आणि एसी चालूच ठेवायला लावले आणि महाराजांना मंत्र म्हणायला सांगितलं. चालू गाडीतली बाधा उतरत नसते, असं महाराज म्हणाले. कडूबाई म्हणाल्या, तुमच्या मंत्राला चावी बंद लागती व्हय? रांगेतले लोक हसले, तेव्हा महाराजांना तोंड उघडावंच लागलं. घसा बसेस्तोवर म्हटलं, वारा काही आला नाही. मग कडूबाईंनी गाडी बंद करवली आणि लिंबाखाली चहा घेत बसल्या. मंत्र नाही, अंगारा नाही. अर्ध्या तासात पाणी ठिबकलं, गाडी चालू केली आणि गार झोत आला.

रणधीरनं डॅशबोर्डचा खण काढून मागचा फिल्टर ओढला. कारखान्यात तो गाडी बगॅसच्या, म्हणजे पिळून उरलेल्या चिपाडाच्या, ढिगाशेजारी लावायचा. उसाचा बारीक भुसा फिल्टरमध्ये गच्च बसला होता. वारा अडायचा तो तिथं. त्यानं फिल्टर आपटला तशी धूळ उडाली आणि महाराजांना ठसका लागला.

कडूबाई रांगेकडं वळल्या. "गाडी बिघडली तर कारण गाडीतच आसतं. मिस्त्रीला न्हाय घावलं तर दुसरा मिस्त्री बघा. तवर घरातल्या बाईकडं बोट करू नका. एकदा तिला सोडून गाडी चालवून बघा की. आमी बघितलं."

मग त्यांनी नवऱ्याच्या हातात फोन दिला. बब्रुवानरावांनी भूमला नंबर लावला. "पाव्हणं, उद्या यायची गरज न्हाय," म्हणाले आणि थांबले. कडूबाई समोरून हलल्या नाहीत. "फिल्टरात भुसा व्हता. पोरीचा काय बी दोष न्हवता."

पलीकडून बजरंगराव म्हणाले, "हे मला कशाला सांगता? तिला सांगा."

घरी पोचताच बब्रुवानराव चपला न काढता ओट्यावर थांबले आणि त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं. शेजारची चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "वैष्णवी, तू खरं सांगत व्हतीस. म्या ऐकलं न्हाय."