मास्तर झोपलेत

वेल्डा स्ट्राउडने अर्धं आयुष्य बायकांचे केस कापण्यात घालवलं आणि पन्नाशी उलटल्यावर कात्री ठेवून ट्रकचं स्टिअरिंग धरलं. लायसन्स मिळालं होतं, पण कंपनीचा नियम असा की नव्या माणसाने महिनाभर जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली काढायचा. तिच्या वाट्याला आला रॉइस टिबेट्स. पोट सुटलेला, तोंड त्याहून सुटलेलं.

वेल्डा चालवत असताना रॉइस शेजारी बसला, तर तीही त्याची ड्युटी धरली जायची, आणि त्याची पाळी येईपर्यंत कायद्याने ठरलेले त्याचे कामाचे तास संपायचे. सीटमागच्या झोपायच्या बर्थवर आडवा झाला तर मात्र विश्रांती. रॉइसने सोपी युक्ती काढली होती. डॅशबोर्डवरच्या, तास नोंदवणाऱ्या यंत्रावर स्वतःला बर्थवर दाखवायचं आणि बसायचं पुढेच.

"मास्तर, खरंच जाऊन झोपा की," वेल्डा वायोमिंग राज्यात शिरताना म्हणाली.

"तू चालवतेस आणि मी झोपू? परवा डिझेल पंपाच्या खांबाला कोण घासलं?"

"खांबाला काही झालं नाही."

"मला झालं ना! अजून छाती धडधडतेय."

लॅरमी गावाच्या अलीकडे सरकारी वजनकाट्यावर त्यांना बाजूला घेतलं. तपासणीची बाई पायरीवर चढून आत डोकावली. रॉइसच्या हातात पोळीत सारण गुंडाळलेला अर्धा बरीटो होता आणि तोंडात उरलेला.

"यंत्र म्हणतंय, दुसरा ड्रायव्हर बर्थवर आहे. मग हे कोण?"

वेल्डाला दुसरं काही सुचलं नाही. "मास्तर. झोपलेत."

यावर रॉइसने काय करावं? त्याने खरोखर डोळे मिटले. बरीटो हातात तसाच.

"साहेब, हनुवटीवर राजमा आहे," बाई म्हणाली.

रॉइसने डोळे न उघडता तो पुसला.

त्याला दंड झाला, वर दहा तास गाडी चालवायला बंदी. वेल्डाची नोंद चोख होती. ती जाऊ शकत होती.

"आणि तुम्ही मागे," बाई रॉइसला म्हणाली. "माझ्यासमोर."

तो बर्थवर चढला तेव्हा त्याचा चेहरा दवाखान्यात नेलेल्या मांजरासारखा झाला होता. पुढे एल्क माउंटन डोंगराजवळ जोराचा वारा सुटला. ट्रेलर डोलायला लागला तसा बर्थच्या पडद्यामागून आरडाओरडा सुरू झाला. "हळू! डावीकडे! कुठल्या गिअरमध्ये आहेस? येशू, सांभाळ रे!"

"येशूला बोलवायचं तर बोलवा, मला ओरडू नका!" वेल्डाने सुनावलं.

मग मागून आवाज बंद झाला. मेला की काय, असं वाटून तिने कान दिला. रॉइस घोरत होता. गेल्या काही महिन्यांत, वेल्डाच काय, तिच्या आधीचा शिकाऊ पोरगा चालवत असतानाही तो कधी असा झोपला नव्हता.

रॉलिन्सच्या ट्रक थांब्यावर तिने चार वेळा पुढे-मागे करून गाडी मागे घेत जागेत लावून पाहिली. पाचव्यांदा लागली, फक्त मध्ये एक कचऱ्याचा डबा आला.

त्या कडकड आवाजाने रॉइस उठला, मोज्यांवरच खाली उतरला आणि चपटा झालेला डबा पायाने हलवून पाहिला. वेल्डाही उतरून शिव्यांची वाट बघत उभी राहिली.

"भरपाई तुझ्या पगारातून," तो म्हणाला. मग त्याने मोठी जांभई दिली. "आणि उद्या सकाळी तूच चालव. माझी अजून झोप झाली नाही."