दुसरी बाटली

मला अर्धवट काम बघवत नाही. शिवणकाम करणारी बाई मी. लोंबता दोरा दिसला की कात्री चालवलीच. तो स्वभाव या वेळी नडला.

ह्यांच्या तोंडात चार महिने व्रण होते. उष्णता आहे, पोट साफ नाही, जो तो ज्ञान पाजळत होता. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या, हे मात्र निम्मे झाले. साधं पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मग पाठीवर फोड आले, शर्ट घासला तरी फुटायचे.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, पेम्फिगस. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं म्हणे. "औषध जालीम आहे. खात्री झाल्याशिवाय देणार नाही," म्हणाल्या. पाठीच्या कातडीचे दोन बारीक तुकडे काढले, दोन वेगळ्या तपासण्यांसाठी दोन बाटल्यांत घातले आणि समोरच्या लॅबमध्ये पोचवायला माझ्या हातात दिले. एकीत उग्र वासाचं औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी.

जिन्यात दुसरीचं झाकण सैल निघालं. निम्मं पाणी माझ्या पदरावर. तुकडा वाळला तर, म्हणून जीव नुसता उडून गेला. पहिलीतलं थोडं औषध तिच्यात ओतलं, झाकण आवळलं, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आठ दिवसांनी बाई रिपोर्ट उलटसुलट करत बसल्या. "पहिल्यात संशय आहे, पण दुसरा अगदी स्वच्छ. मग पेम्फिगस नसावा. जालीम औषध नको, दुसरं काही बघू."

ह्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला मात्र धड बसवेना. एव्हाना ह्यांच्या छातीवरही फोड आले होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

"बाई, त्या दुसऱ्या बाटलीत मी पहिलीतलं औषध ओतलं होतं. पाणी सांडलं म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या औषधानं दुसऱ्या बाटलीची तपासणीच मरते, आजार असला तरी दिसत नाही. हा कागद रद्दी झाला. तुकडा पुन्हा काढायचा, पुन्हा आठ दिवस थांबायचं. आणि ह्यांना एकेक दिवस जड जातोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते शर्टाची बटणं सोडत होते. पाठीला चिकटलेला शर्ट त्यांनी ओढला, त्याबरोबर कातडी सुटून आली, तरी हूं की चूं केलं नाही. तोंड दुखतं म्हणून गप्प होते की माझ्यावरच्या रागानं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.