कमानीखालून गेलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. माझं आयुष्य देवळाली प्रवरेच्या पाटावर गेलं. महायुद्ध संपलं त्या साली यशया मुंबई बंदरातली खलाशाची नोकरी सोडून गावी परतला आणि बाभळीच्या फळ्यांतून त्याने मला घडवलं. पाटावरचे पूल बुटके, म्हणून डोलकाठी त्याने बिजागरीवर बसवली. पूल आला की काठी आडवी, पूल गेला की शीड पुन्हा वाऱ्यावर. काय त्याच्या हाताची सफाई! लोक कामं टाकून बघत राहायचे.

आप्पासाहेब बागाईतदार तेवढे तोंड फिरवायचे. यशयाचं घराणं ख्रिस्ती झालं तरी त्याची जुनी जात ते विसरत नसत. त्या होडीला पाय लावणार नाही, असं त्यांनी चावडीवर सांगून टाकलं होतं.

एका सकाळी त्यांची सून गोजरबाई बाळंतपणात अडली. पाटाच्या पाझराने गाडीवाट दलदल झालेली. बैल रुतून बसले. शेवटी मिशनच्या दवाखान्यात न्यायला तिला माझ्यात निजवलं. यशयाची बायको लिडिया त्याच दवाखान्यात सुईण होती. ती उशाशी बसली. आप्पासाहेब मात्र गड्यांसह काठाने चिखल तुडवत निघाले.

शेवटच्या पुलाशी घोडं अडलं. धरणाचं पाणी सुटलं होतं, पाट चढत होता. काठी पाडूनही माझं नाक कमानीला टेकलं. यशया बंदरात मुरलेला. म्हणाला, जरा थांबू, ओहोटी लागेल.

“अवो, ही खाडी न्हाई,” लिडिया म्हणाली. “वर दार बंद केल्याबिगर पाटाचं पानी उतरत न्हाई.” मग तिने काठाकडे पाहिलं. “आप्पासाहेब, तुमी आन गडी आत या. वजन पडलं तरच होडी खाली बसंल.”

आप्पासाहेब थबकले. गोजरबाई कण्हली. त्यांनी फेटा उतरवून काखेत मारला आणि यशयाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. मागोमाग गडी. मी काठोकाठ बुडाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कमानीच्या दगडांना तळवे लावून मला पुढे रेटलं, आणि मी पलीकडे निघाले. दवाखान्यात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

पुढे दरवर्षी डांबराचा डबा घेऊन आप्पासाहेबच यायचे. ते गेले, यशयाही गेला. आता मी काठावर पालथी पडून आहे आणि कुणीतरी चुलीसाठी माझ्या फळ्या चाचपतं. मित्रांनो, मला डांबर लावा, सुलटी करा आणि साऱ्या आळ्यांतली पोरं माझ्यात दाटीवाटीने बसा. ओझ्याची मला भीती नाही.